भिंतीपलीकडच्या बाई

मनूनं घुंगरू बांधले, मागच्या खोलीतली खाट उभी करून ठेवली आणि भिंतीला कान लावला. पलीकडं सामसूम होती.

“उठल्या नाय वाटतं तुझ्या बाई,” आशाबाई कणीक तिंबता तिंबता म्हणाली.

“उठल्यात गं आई. मी सुरू केलं की येत्यात बरोबर.”

तिनं पाऊल आपटलं. ता थेई थेई तत्. थोड्या वेळानं पलीकडूनही घुंगरू वाजले आणि मनूचा चेहरा खुलला.

बजाजनगरातली ही घरं पाठीला पाठ लावून बांधलेली. मधे एकच भिंत, तीही अशी की पलीकडं कुणी शिंकलं तर इकडच्यानं दचकावं. पण या लायनीची दारं या गल्लीत आणि त्या लायनीची त्या गल्लीत. त्यामुळं पलीकडच्या कुकरच्या शिट्ट्या सगळ्यांच्या ओळखीच्या, माणसं मात्र कुणाच्याच नाहीत. आपल्या भिंतीपलीकडं दिवाळीनंतर नवं बिऱ्हाड आलं होतं, एवढंच आशाबाईला ठाऊक होतं.

त्याच सुमारास मनूचा क्लास बंद पडला होता. औरंगपुऱ्यातल्या ज्या ताई तिला कथक शिकवायच्या, त्यांचं लग्न झालं आणि त्या नागपूरला गेल्या. चाचणीत करायचा तुकडा अर्धाच शिकवून गेल्या. आता अर्धा नाच घेऊन पोरीनं करायचं काय? आणि चाचणी तर साधीसुधी नव्हती. पुण्याच्या एका नृत्यविद्यालयाची माणसं मुली निवडायला शहरात येणार होती.

मनूचे वडील, कारभारी, कंपनीतून आल्यावर पाय धुता धुता एकदाच बोलले होते. “एवढी चाचणी दे. निवड झाली तर जा खुशाल पुण्याला, मी आडवा येणार नाय. नाय झाली तर घुंगरू माळ्यावर आन् तू नर्सिंगला. परत नाचाचं नाव काढायचं नाय.”

कारभारी शब्दाचा पक्का माणूस.

अशात भिंत बोलायला लागली. मनू सराव करायची आणि पलीकडून जोड यायची. ती थांबली की तिथलेही घुंगरू थांबायचे. मनूला आधी वाटलं, भास होतोय. मग तिनं मुद्दाम एकच ओळ पुन्हा पुन्हा केली. पलीकडूनही तीच ओळ पुन्हा पुन्हा आली.

“आई, पलीकडं कुणीतरी लई मोठ्या बाई हाईत,” ती म्हणाली. “माझ्याकडनं घोटून घेत्यात.”

“तुला कसं कळलं?”

“काल माझं एक पाऊल जास्तीचं पडलं. त्या गप झाल्या. मग तेच पाऊल मला जसंच्या तसं करून दाखवलं. म्हणजे बघ पोरी, चुकतीस कुठं ते! असं शिकवायला अक्कल लागती.”

आशाबाईला काही ते पटलं नाही, पण तिनं वाद घातला नाही. पोरीच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी हसू दिसत होतं.

आणि एके सकाळी तर कमालच झाली. मनू तिच्या अर्ध्या तुकड्यापाशी येऊन नेहमीसारखी अडली. पण पलीकडचे घुंगरू थांबले नाहीत. पुढं सरकले, अडखळले, मागं आले, पुन्हा पुढं गेले. बाई मुद्दाम सावकाश, तोडून तोडून दाखवत होत्या. मनू श्वास रोखून ऐकत राहिली. मग तिनं त्यात आपल्या मनानं एक गिरकी घातली. दुसऱ्या दिवशी पलीकडूनही गिरकी ऐकू आली. बाईंनी पसंत केली म्हणून मनू दिवसभर हवेत होती. असं करत करत तुकडा पुरा झाला.

मधे तापानं ती अंथरुणाला खिळली, तर तिसऱ्या दिवशी भिंतीवर धपाधप थापा पडल्या.

“रागावल्या बघ,” मनू पांघरुणातून म्हणाली आणि ताप अंगात असतानाच उठून बसली.

कशा असतील बाई? उंच, की ठेंगण्या? हे काय वागणं, इतकं शिकवायचं आणि एकदाही तोंड दाखवायचं नाही? तिला उत्सुकता आवरेना, पण न बोलावता गुरूच्या दारात जायची छातीही होईना.

चाचणी उद्यावर आली तेव्हा मात्र तिनं मन घट्ट केलं. आशाबाईनं नारळ आणि खण हातात दिला. मनू मोठा वळसा घालून मागच्या गल्लीत गेली. ज्या छपरामागं आपल्या घरावरची निळी टाकी दिसली, ते घर तिनं हेरलं आणि कडी वाजवली.

दार एका बाईनं उघडलं. हात पिठाचे, डोक्यावर ओढणी. मनू पाया पडायला वाकली तशी ती मागंच सरकली.

“अरे अरे, ये क्या बेटा? कोन पायजे तुला?”

“नाचाच्या बाई तुम्हीच ना?”

“मी?” ती इतकी हसली की पिठाचा हात तोंडाला लागला. “माझे गुडघे बघ आधी! नजमा, ए नजमा, बघ गं कोन आलंय.”

आतून मनूच्याच वयाची मुलगी आली. पायात घुंगरू. म्हणजे बाईंची आणखी एक शिष्या होती तर, आणि तीही जवळ बसून शिकणारी!

“मी मागच्या लायनीतली,” मनू कशीबशी म्हणाली. “ही भिंत आपली एकच हाय.”

नजमाचे डोळे मोठे झाले. तिनं तिथंच बसून भराभर घुंगरू सोडले, ओढणी सावरली आणि चपलेत पाय घातले.

“चल, मी येते तुझ्यासंगं. उद्या माझी चाचणी हाय,” ती म्हणाली. “तुमच्या घरातल्या बाईंना एकदा सलाम करू दे. जालन्याचा क्लास सुटल्यापासून त्यांचंच ऐकून तर शिकले मी!”