दगडाची लोकर

भट्टीतून वितळलेला दगड लाल धारेने फिरत्या चाकांवर पडत होता आणि केसाहून बारीक तंतू होऊन उडत होता. खाली करड्या लोकरीची गादी साचत होती. जन्मभर खाणीत दगड फोडलेले यल्लप्पा बघतच राहिले.

"अप्पा, हा आपल्याच खाणीतला," त्याच कारखान्यात काम करणारी त्यांची मुलगी रेणुका म्हणाली.

"एवढा मऊ होता होय हा?" यल्लप्पांनी विचारलं.

वैशाखात रेणुकाने घराच्या पत्र्याखाली त्या लोकरीच्या लाद्या बसवल्या, खालून फळ्या ठोकल्या. उकाड्याने रोज तळमळणारी तिची आजारी आई त्या दुपारी गाढ झोपली.

जाग आल्यावर तिने नवऱ्याला विचारलं, "सकाळ झाली का हो?"

बाहेर ऊन रणरणत होतं. यल्लप्पा छताकडे बघत हळूच म्हणाले, "दुपारच आहे गं. झोप तू."