कंपनी माफ करते

खासगी कंपनीतली अफरातफर म्हणजे समाजाच्या मुळावर घातलेला घाव, असं वकील बोआडू गंभीरपणे म्हणाले आणि तिसरं उकडलेलं अंडं मिरचीच्या ठेच्यात बुडवून त्यांनी तोंडात टाकलं. अंडी सेरवाबाईंच्या पैशांची होती.

"पण चोरी तुमची झालेली नाही, मॅडम. कंपनीची झालीय."

"कंपनी म्हणजे मीच की."

"कायद्यात नाही."

कुमासीत सेरवाबाईंचा पिशवीबंद पाण्याचा कारखाना होता. रोकडीत चाळीस हजार सेडी कमी भरतात, हे हिशेबप्रमुख असिरिफीने शोधून काढलं आणि बोट दाखवलं रोखपाल डोन्कोरकडे. डोन्कोर नोकरीला लागून चौदा महिने झाले होते. कोठडीत तो पाच दिवस 'मी नाही घेतले' एवढंच म्हणत होता. पोलिसांची गाडी आली त्याच दिवशी असिरिफी हिवतापाने आजारी पडून गावी गेला. इमानी माणसाला असलं काही सोसत नाही, असं बाई म्हणाल्या.

वकिलांनी वाटा सांगितल्या. फौजदारी केली तर माणूस आत जातो, पैसे बाहेर राहतात. दिवाणी केली तर पैसे मिळतात, पण नातवंडांना.

"मग त्याला आतच टाका," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात चार म्हातारे आले. चपला त्यांनी दाराबाहेर काढल्या, खांद्यावरची वस्त्रं कमरेपर्यंत उतरवली, जिनच्या दोन बाटल्या पुढे ठेवल्या. माफी मागायला आलेत, हे दिसतच होतं. कोणासाठी, तेही.

"पोरी," त्यांतला थोरला म्हणाला, "आमच्या पोराने तुझं खाल्लंय. तीन वर्षं खाल्लंय."

"चौदा महिने, नाना," वकील म्हणाले.

"तू शिकलेला. आम्ही आपले तीन वर्षं म्हणतो. पोलिसांची गाडी बघितली आणि त्याचं अवसान गळालं. परवा आईने जेवण पुढे ठेवलं तर रडत सगळं कबूल केलं."

"आमच्यापुढे तर तोंड उघडत नव्हता," बाई म्हणाल्या.

"तू काय त्याची आई आहेस?"

नानाने गाठोडं सोडलं. "जमीन विकून निम्मे आणलेत. बाकीचे कोकोच्या पिकावर."

वकिलांनी मोजले. बरोबर चाळीस हजार भरले. ते बाईंच्या कानाशी लागले, "म्हाताऱ्यांचं गणित कच्चं आहे. पण आपल्या बाजूने कच्चं आहे. हो म्हणा."

"मला कंपनीला विचारावं लागेल," बाई म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटले. "कंपनी माफ करते."

पैसे घेऊन फौजदारी दाबणं हा स्वतःच गुन्हा, म्हणून वकिलांनी शब्द जपून घातले. या घरच्या मुलाने कंपनीतून आजवर घेतलेल्या सर्व रकमांबद्दल चाळीस हजार पोचले, कंपनीचा कसलाही दावा उरलेला नाही. नावाची जागा त्यांनी रिकामी सोडली. नाव ते नेहमी शेवटी, विचारून लिहीत. बाईंनी सही केली, शिक्का मारला. म्हाताऱ्यांनी अंगठे उठवले.

"हं, आता तुमच्या डोन्कोरचं पूर्ण नाव सांगा, नाना."

"डोन्कोर कोण?" नानाने विचारलं. "आमचा असिरिफी."

सहीची शाई तोवर वाळली होती.