सायबाच्या फळ्या

देवाशपथ, अक्षर न् अक्षर खरं! सत्तेचाळीसात शेणवे गावच्या सावळारामानं विलायतेला निघालेल्या सायबाकडून बर्फावर घसरायच्या जुन्या फळ्या आणल्या. बर्फ जन्मात पायला नव्हता, म्हणून सिद्धगडाच्या वाळल्या गवतावरनं घसरायचं ठरवलं.

बायको गिरजा म्हणाली, "अवो, पायाला सुतळीनं बांधा. पडलात तर ती तुटंल, पाय वाचंल."

"सायबाची चीज हाय गो, तुला काय कळतं?" म्हणत त्यानं चामड्याची वादी करकचून आवळली.

गिरजा गपचूप हाडवैद्याला घेऊन उताराच्या पायथ्याशी जाऊन बसली.

वादी काय सुटली नाय, एक पाय मोडला. वैद्यानं त्याच वादीनं तो पाय फळीला बांधला.



एवढं एकच बनवून सांगितलं. पाय एक नाय, दोनी मोडले. म्हणून तर जोडीतली एक फळीसुद्धा वाया गेली नाय.