डबल बेल

पाऊस आडवा आणि वारा समोरून, त्यामुळे योगराजला मान वर करवत नव्हती. पुढच्या चाकाखालचा हातभर रस्ता दिसत होता, तेवढाच. लोटनआबा आणि भूषण दिसेनासे होऊन बराच वेळ झाला होता.

"सोडून गेले," तो मनाशी म्हणाला. "गेले तर गेले."

धुळे ते अमळनेर अशी ही हौशी सायकल शर्यत. तिघांचा संघ, आणि तिघांतला शेवटचा गडी चुन्याची रेषा ओलांडेल ती संघाची वेळ. या संघातला शेवटचा गडी कोण, हे अख्ख्या अमळनेरला ठाऊक होतं. योगराजची पिठाची गिरणी होती. उभं राहून राहून त्याचे गुडघे शर्यतीआधीच थकलेले असत. पुढे लोटनआबा. आबांची सारी नोकरी एसटी चालवण्यात गेली. निवृत्त झाले तरी मागून डबल बेल आल्याशिवाय त्यांना पुढे जाववत नसे. म्हणून त्यांनी संघाला नियमच घालून दिला होता. शेवटच्याने थोड्या थोड्या वेळाने सायकलची घंटी दोनदा वाजवायची. टिंग टिंग. म्हणजे मी आहे, चालू द्या. असा योगराज तीन वर्षं कंडक्टर झाला होता.

सकाळी धुळ्यात चाकांत हवा भरताना भूषण योगराजला म्हणाला, "नाना, आज घंटी कमी वाजाडा नि पाय जास्ती चालाडा."

पोरगा मोबाइलच्या दुकानात बसणारा, जिभेला हाड नाही. मनात काही नसतं त्याच्या. सगळे हसले. आबाही हसले. बोलणं हसण्यासारखंच होतं म्हणा, पण आबांनी हसायला नको होतं. योगराजला ते लागलं. ही शेवटची शर्यत, त्याने तिथेच ठरवून टाकलं. उद्यापासून आपण भले आणि आपली गिरणी भली.

त्यात हा अवकाळी पाऊस. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेली कपाशी बोंडातच भिजत होती. ट्रॅक्टरांनी शेतातली काळी माती रस्त्यावर आणून टाकली होती, ती चाकांवरून उडून अंगभर बसत होती. घंटीतही गेली. योगराजने दाबून पाहिली तर नुसतं खुट्ट झालं. अंगठ्याने माती काढता आली असती. त्याने काढली नाही. कमीच हवी ना घंटी? घ्या.

एका फाट्याजवळ कापसाचा ट्रक त्याच्या बाजूने हळूहळू पुढे सरकला. ट्रकाच्या आडोशाला वारा लागेना. बरं वाटलं. मान खाली घालून तो जमेल तितका वेळ ट्रकाच्या बरोबरीने राहिला आणि फाटा मागे पडला. पुढे पुन्हा तोच पाऊस, तेच पॅडल. मांड्या भरून आल्या. उतरावं, सायकल टेकवावी आणि मिळेल त्या गाडीने घरी जावं असं दहादा मनात आलं. पण ते दोघं रेषेवर भिजत उभे असतील. आपल्यापायी त्यांना ताटकळत ठेवायचं नाही. एकदा पोहोचायचं, रामराम घालायचा आणि सुटायचं.

अमळनेरच्या वेशीपाशी ताडपत्रीखाली हेमांगीताई शिट्टी गळ्यात अडकवून उभ्या होत्या. शर्यतीच्या पंच त्याच. योगराजने रेषेच्या अलीकडेच ब्रेक दाबला, कारण पलीकडे ओळखीचं कोणीच दिसेना.

"आबा घरी गेले का?" त्याने विचारलं.

"कोण आबा? तुमच्या संघातले तुम्हीच पहिले आलात."

पहिले! हा शब्द योगराजसाठी आजवर कोणी वापरलाच नव्हता. तेवढ्यात मागून शिंदखेड्याच्या संघातला एक जण धापा टाकत आला.

"काका, तुम्ही इथे?" तो ओरडला. "तुमचे दोघं फाट्यावरच्या शेडमध्ये थांबले होते. घंटी येत नाही म्हणून तुम्हाला शोधायला उलटे धुळ्याकडे गेले. नाल्याला पाणी आलंय, त्यात शोधताहेत तुम्हाला!"

योगराजने सायकल वळवली.

"रेषेपाशी येऊन उलटं गेलात तर तिघंही बाद," हेमांगीताई म्हणाल्या. "नियम आहे."

"होऊ द्या बाद."

आता वारा पाठीशी होता, तरी पाय शिशाचे झाले होते. चालवता चालवता तो अंगठ्याने घंटीतली माती कोरत राहिला. आपण पुढे असू, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. आणि त्या दोघांच्या तरी कुठे आलं होतं? फाटा गेला, मघाशी ट्रकाआडून न दिसलेली शेडही गेली. नाल्याचा पूल दिसला.

भूषण गुडघाभर पाण्यात उभा होता. काठीने बाभळीची झुडपं बाजूला करत होता आणि रडवेल्या आवाजात "नाना! ओ नाना!" करत होता. पुलावर आबा कठड्याला धरून उभे होते.

योगराजने घंटी दाबली. टिंग टिंग.

आबांनी हात वर केला. "चूप रे भूषण! घंटी वाजनी!"

आणि दोघांनीही झटकन मान वळवली ती मागे, धुळ्याच्या रस्त्याकडे. रस्ता मोकळा होता. योगराजने पुन्हा वाजवली. ते आणखी डोळे ताणून तिकडेच बघत राहिले.

"म्हांगे नका देखा, आबा!" योगराजचा आवाज फाटला. "मी पुढे शे!"