रजेवरचा डेरा

हिम्मतराव कारखानीस यांनी जानेवारीच्या थंडीत एका खऱ्याखुऱ्या साहेबाला जीपसकट माघारी पाठवलं. पण तसं काही झालेलं नाही. कचेरीत कुणी विचारलंच, तर अजिबात झालेलं नाही.

झालं ते एवढंच, की अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांना चार दिवसांची रजा मिळाली. अकरा वर्षं ते लोकांच्या अर्जांच्या नकला करत होते. आधी निजामाच्या सरकारसाठी आणि सप्टेंबरात हिंदी फौज हैदराबादेत आल्यापासून नव्या सरकारसाठी. अर्ज तेच होते.

"चार दिवस मी थंडी खाणार, तंबूत झोपणार आणि कागदाला हात लावणार नाही," त्यांनी बायकोला बजावलं.

"थंडीच खायची तर हिमायतनगरात आपला ओटा काय वाईट आहे?" तारामतीबाई म्हणाल्या.

पण तंबू आला होता. हैदराबादेतल्या कोठी भागातल्या जुन्या बाजारातून आणलेला, पांढरा, दोनखांबी, कुठल्याशा साहेबाच्या दौऱ्यांतून निवृत्त झालेला. तारामतीबाई दोन रजया घेऊन मुकाट्याने बंडीत बसल्या.

गंडीपेठच्या तलावापलीकडे आरे मराठ्यांची, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तेलंगणात राहिलेल्या मराठ्यांची, एक छोटी वस्ती होती. बोलणं मराठी, पण मधूनमधून 'हौ' आणि 'नक्को'. तिच्या अलीकडे माळावर तंबू उभा राहिला.

पहिली सकाळ झकास उजाडली. तलावावर धुकं होतं. तीन दगडांवर चहा उकळत होता. हिम्मतरावांच्या तोंडातून वाफ निघाली. ती त्यांनी बायकोला दाखवली.

"ही बघ!"

"बघितली. जिवंत आहात."

चहाचा पहिला घोट घेऊन ते वळले, तर तंबूसमोर अकरा माणसं रांगेत उकिडवी बसली होती.

"काय पाहिजे?"

रांगेतला सगळ्यात म्हातारा, दत्तोबा, उठून उभा राहिला. "आमच्या विहिरीचं पाणी गोड लागतंय, साहेब. चौकशी व्हावी."

"मी साहेब नाही. मी रजेवर आहे."

"हौ, साहेब," दत्तोबा म्हणाला आणि खाली बसला.

मग भामा नावाची बाई पुढे आली. तिच्या म्हशीचं एक शिंग वाकडं होतं. ते वाकडं असल्याची सरकारात नोंद करून हवी होती.

"सरळ करून हवं आहे का?"

"नक्को साहेब. नुसती नोंद."

हिवाळ्यात माळावर पांढरा तंबू दिसला की साहेबाचा डेरा पडला, असं मुलूखभर समजत. हिम्मतरावांनी ते समजून घेतलं आणि दिवसभरात चाळीस वेळा शांतपणे सांगितलं, की मी साहेब नाही. चाळीस वेळा 'हौ साहेब' झालं. संध्याकाळी रांग उठली. सकाळी परत आली. दूर रस्त्यावर धूळ उडाली की ती सरळ होई आणि भामा उगाचच मोठ्याने गाऱ्हाणं सांगू लागे.

"एक गंमत बघा," तारामतीबाई म्हणाल्या. "साहेबाला लोक कोंबड्या देतात म्हणे. तुम्हाला एक अंडंसुद्धा नाही. म्हणजे तुमची पत त्यांनी बरोबर ओळखली."

तिसऱ्या दिवशी हिम्मतरावांनी ठरवलं, तंबू तलावाच्या पलीकडच्या काठाला हलवायचा. रजा वाया घालवायची नाही म्हणजे नाही. ते खुंटे उपटायला गेले, तर खुंटे हातभर खोल गेलेले.

"वारं लई असतंय साहेब," दत्तोबा म्हणाला. "आम्हीच ठोकले."

हिम्मतराव चिडले नाहीत. त्यांनी कानटोपी घट्ट केली, शेकोटी पेटवली, रांगेकडे पाठ केली आणि निश्चयाने थंडीचा आनंद घेऊ लागले.

तेवढ्यात जीप आली. मागे लॉरी. लॉरीत डेरे, पलंग, खानसामा आणि मोठमोठी रिकामी पातेली. जीपमधून मुंबईकडून नवाच नेमलेला एक साहेब उतरला. त्याने तंबू पाहिला, रांग पाहिली.

"इथे कुणाचा मुक्काम आहे?"

"साहेबांचा," दत्तोबाने हात जोडून सांगितलं.

नवा साहेब शेकोटीपाशी आला. "आपण कोणत्या खात्याचे?"

"मी रजेवर आहे," हिम्मतराव वळून न बघता म्हणाले.

साहेब विचारात पडला. रजेवर असताना ज्याच्या दारात एवढी रांग लागते, तो हुद्द्याने केवढा असेल! त्याने टाचा जुळवून सलाम केला, माफी मागितली आणि पातेल्यांसकट दुसरीकडे निघून गेला.

"काय केलंत हे?" तारामतीबाईंनी विचारलं.

"खरं सांगितलं."

चौथ्या दिवशी उन्हं उतरली. रजा संपली. दत्तोबाने तोंड पाडून खुंटे उपटून दिले. बंडी हलणार, तोच भामा धावत आली आणि तिने एक कागद पुढे केला. गावच्या पंतोजींचं अक्षर होतं, खाली वस्तीतल्या सगळ्यांचे अंगठे.

"म्हशीचं शिंग?" हिम्मतरावांनी उसासा टाकून विचारलं.

"वाचा तर."

रजा संपलीच होती. त्यांनी कागद घेतला आणि वाचू लागले.

'अर्जदार समस्त गावकरी. आपण साहेब नाहीत हे आम्हांस पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. साहेबाचा डेरा पडला की गावच्या कोंबड्या, दूध, सरपण आणि धडधाकट माणसे आठ दिवस डेऱ्यावर राबतात. सरकार बदलले, पातेली तीच आहेत. मात्र जेथे एक डेरा उभा आहे तेथे दुसरा पडत नाही. सबब नम्र विनंती की, हुजुरांची रजा आमरण मंजूर करण्यात यावी.'