दोन इंची काडतुसं

एफीने पितळी मापात दारू घेतली, जुन्या पोस्टकार्डाच्या कडेने ती सपाट केली आणि काडतुसाच्या नळकांड्यात ओतली. वर दाबलेल्या लोकरीची चकती ठेवून लाकडी दांडीने अलगद दाबली. यापुढे छर्‍यांची पाळी. तिने जिन्याकडे कान दिला, छर्‍यांचा डबा बाजूला सरकवला आणि लापशीसाठी आणलेले ओट्स आत भरले. मग चरकात धरून काडतुसाचं तोंड वळवलं. बाहेरून पाहणाऱ्याला त्यात काहीच वावगं दिसलं नसतं.

तिच्या नवऱ्याची, वॉल्टरची, दुनळी बंदूक त्याच्या वडिलांच्या वेळची होती. इतकी हलकी की डोंगर चढताना हातात काठी असल्यासारखी वाटे. पण तिच्यात काडतुसासाठी दोनच इंचांची जागा होती. बाजारातलं लांब काडतूस तिच्यात सहज बसे. मात्र उडताना त्याचं तोंड उलगडायला जागा उरत नसे आणि जुनी नळी फुटण्याची भीती असे. म्हणून या घरात काडतुसं घरीच भरली जात, आणि लग्नानंतर ते काम एफीच्याच हाती आलं होतं.

मागच्या हंगामात दगडी बांधाआड काहीतरी हललं आणि वॉल्टरने चाप ओढला. तो मेंढपाळ टॅम होता. छर्रे त्याच्या टोपीवरून गेले. टॅम हसला आणि त्याने भरपाई म्हणून व्हिस्की मागितली. एफीला मात्र त्यानंतर धड झोप लागली नव्हती. बंदूक पोलिसांकडे जमा करा, असं मुलगी शीना एडिनबरोहून पुन्हा पुन्हा सांगत होती. पण मेंढ्या विकल्यापासून म्हाताऱ्याला डोंगराखेरीज दुसरं काही उरलं नव्हतं. बंदूक गेली, तर तो खुर्चीत बसला असता आणि पुन्हा उठला नसता.

"झाली का गं तुझी भट्टी?" वॉल्टर जिना उतरत म्हणाला.

"घे. आणि हलेल ते तितर नसतं, एवढं लक्षात ठेव."

"टॅमची टोपीच तितरासारखी आहे, त्याला मी काय करू?" त्याने काडतुसं खिशात घातली. "आज रात्री जेवायला तितर. चूल पेटवून ठेव."

"पेटवते. बटाटेही जास्तीचे उकडते, रोजच्यासारखे."

दिवसभर डोंगरावरून अधूनमधून बार ऐकू येत राहिले. आता प्रत्येक बाराला तिचं काळीज हलत नव्हतं. या हंगामात पहिल्यांदाच ती निवांतपणे विणायला बसली.

संध्याकाळी वॉल्टरने टेबलावर दोन तितरं ठेवली.

"डावी नळी, उजवी नळी. एकामागून एक! काय म्हणतेस?"

एफीने पाखरं उचलून मोरीपाशी नेली. पिसं काढताना एका पाखराच्या छातीत तिच्या बोटाला काहीतरी टणक लागलं. शिशाचा छर्रा होता तो.

आपलीच चूक झाली, असं तिला वाटलं. सवयीच्या हाताने एखाद्या काडतुसात छर्रे भरले गेले असणार. दुसऱ्या दिवशी तिने छर्‍यांचा डबा माळ्यावर ठेवला आणि मगच काम सुरू केलं. संध्याकाळी पुन्हा एक तितर आलं. तिसऱ्या दिवशी तिने भरलेलं एक काडतूस फोडून पाहिलं. आत ओट्सच होते. तरीही पाखरू आलंच, आणि त्याच्या मांडीत छर्रा होता.

मग माळ्यावरचा डबा कुणी उतरवला? मीच तर नाही? फोडून पाहिलं ते काडतूस आजचं होतं की कालचं? तिला नीट आठवेना. पाखरू चुलीवर रटरटत होतं आणि ती हातात डाव घेऊन उभी होती. डोकं दगा देईल अशी भीती वॉल्टरच्या बाबतीत होती, तसं आपलंच तर झालं नसेल?

रविवारी ती कोंबड्यांना दाणे टाकून परतली, तेव्हा वॉल्टर फोनवर बोलत होता. कमी ऐकू येत असल्यामुळे त्याचा आवाज अंगणापर्यंत पोचत होता.

"अगं शीना, पहिल्याच बाराला कळलं मला. खांद्याला धक्का म्हणून बसला नाही. फोडून बघतो, तर आत ओट्स! ... हो, लापशीचे! ... नाही, आईला काही बोलायचं नाही हं. हात कसा चालायचा तिचा, तुला आठवतं ना? तिला कळलं तर खचेल बिचारी. म्हणून मी गावातल्या दुकानातून दुसऱ्यांनी मारलेली तितरं आणतो आणि मीच मारली म्हणतो."

एफी दाराबाहेरच थांबली. डोक्यातला गुंता सुटत होता आणि त्याबरोबर हसू आणि रडूही येत होतं. डोकं शाबूत होतं. तिचंही आणि त्याचंही. आत जाऊन एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं.

"बंदूक ना?" आत वॉल्टर म्हणत होता. "परवा देऊन टाकतो. अशा बाईला घरात एकटी टाकून मी डोंगरावर कसा जाऊ? तिला हिंडवीन, फिरवीन, तिच्याबरोबर राहीन. ती धड असती ना, तर तू काय, तुझ्या पोलिसांनी सांगितलं असतं तरी बंदूक सोडली नसती मी."

एफीने डोळे पुसले आणि दार ढकललं. वॉल्टरने घाईघाईने फोन ठेवला.

"कुणाचा होता रे?"

"शीनाचा. पाऊस आहे का, विचारत होती."

"बस. चहा करते."

तिने पाणी उकळलं, त्याच्या देखत किटलीत ओतलं, किटलीला लोकरीची टोपी घातली आणि मुरायला वेळ दिला. चहापत्तीचा डबा फडताळातच राहिला. मग तिने त्याच्या कपात ते गरम पाणी ओतलं.

वॉल्टरने कपाकडे पाहिलं. त्यात दूध घातलं, साखर ढवळली आणि एक घोट घेतला.

"फक्कड झालाय," तो म्हणाला.