अकरा आणि तीन

"आजही तुटलं," ती म्हणाली. "अकरा वाजून चार मिनिटांनी. बावीस मिनिटं."

तिचा प्रोजेक्टमधला जोडीदार खुर्ची ओढत जवळ आला. उंचीमुळे सगळा वर्ग त्याला अँटेना म्हणायचा. दोघांनी पडद्यावरची नोंद पुन्हा वाचली. सोमवार, मंगळवार, आज बुधवार. सकाळी अकराला एकदा, दुपारी तीनला एकदा.

काम ऐकायला सोपं होतं. मजल्याच्या या टोकाच्या लॅबमधून त्या टोकाच्या लॅबमध्ये सतत डेटा जात राहायला हवा. सलग चोवीस तास, एकही खंड नको. शुक्रवारी चारला मॅडम नोंद बघणार, त्यावरच पास-नापास ठरणार. बाळंतपणात तिचं एक वर्ष आधीच गेलं होतं. आणखी एक गेलं असतं तर घरात कोणी बोललं नसतं, पण तिलाच पुन्हा उभं राहायचा धीर झाला नसता.

"मधला स्विच तपासलात?" त्यांच्या टेबलाशी येत मॅडमनी विचारलं. "दोन्हीकडच्या तारा जिथे एकत्र येतात तो डबा."

"तो छतात कुठेतरी असेल, मॅडम. जुन्या नकाशात दाखवलेला नाही."

"असेल आणि आहे यात फरक असतो. डेटा कुठून जातो ते आधी डोळ्यांनी बघावं."

तिने मान हलवली. पण तिच्या डोक्यात वेगळंच होतं. तार काही घड्याळ बघून तुटत नाही.

"तू उठून गेलीस की होतं," अँटेना हळूच म्हणाला. "लक्षात आलंय का तुझ्या?"

आलं होतं. अकराला आणि तीनला ती दूध काढायला जायची. बाळ आठ महिन्यांचं, घरी सासूबाईंजवळ. लॅबच्या काकांनी पहिल्याच दिवशी सामानाच्या खोलीची किल्ली तिच्या हातात ठेवली होती. "माझ्या सुनेचे हाल बघितलेत मी, बाई," एवढंच म्हणाले. खोलीत छतापर्यंत खोकी, प्लग लावायला एकच जागा, दाराला आतून कडी नाही. पण वीस मिनिटं निवांत मिळायची. मशीन आवरून, सगळं होतं तसं लावून ती परत यायची.

"मी मागे राहून बघितलं," अँटेना म्हणाला. "त्या वेळी काका पॅसेजमध्येच असतात. काम काही नाही. नुसते उभे."

"काका कशाला करतील?"

"गेल्या वर्षी मॅडमनी सगळ्यांसमोर झापलं होतं त्यांना. माणूस विसरत नाही."

गुरुवारी ती मुद्दाम मागे वळून बघत गेली. काका खरंच होते. तिच्याकडे न बघता भिंतीवरची नोटीस वाचत उभे होते. महिनाभर जुनी नोटीस.

अकराला तुटलं. तीनलाही.

साडेतीनला तिने मॅडमच्या टेबलावर कागद ठेवला. वेळा, मिनिटं, काकांची जागा, सगळं नीट लिहिलेलं.

"त्यांची नोकरी कंत्राटी आहे," मॅडम म्हणाल्या. "कळतंय ना, तू काय लिहिलंयस?"

"हो, मॅडम."

"ठीक. उद्यापासून ते या मजल्यावर येणार नाहीत. पुढचं ऑफिस बघेल."

शुक्रवारी सकाळी नोंद एकोणीस तास अखंड होती. अँटेनाने हवेत मूठ उडवली. घरून फोन आला. "पोर मजेत आहे," सासूबाई म्हणाल्या. "तू तुझं बघ. आणि काहीतरी खाऊन घे, काल डबा तसाच आणलास."

अकरा वाजले. आज ती निर्धास्त उठली.

सामानाच्या खोलीत तिला क्षणभर वाटलं, आपण चुकीचं दार उघडलं. काकांनी काल जाताजाता सगळी खोकी एका बाजूला रचली होती. मधोमध पाठीची खुर्ची, तिच्यावर धुतलेला टॉवेल.

तिने दार लोटलं, मशीन मांडीवर घेतलं. तेवढ्यात बाहेरून कोणीतरी दार ढकललं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"आत आहे मी," ती घाबरून म्हणाली. पावलं लांब गेली.

एका हाताने दार दाबून धरत तिने दुसऱ्या हाताने, रोजच्या सवयीने, मशीनसाठी जागा करायला भिंतीतला काळा प्लग काढला. इतके दिवस खोक्यांमागे झाकलेल्या फळीवर, एका डब्यावर हिरव्या दिव्यांची ओळ लुकलुकत होती. ती सगळी एकदम विझली.